कधी समजतला?

२०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली. पुढच्या वर्षी तो ताप बांद्याच्या बाजूला, म्हणजे आमच्या दाराशी आला. काका तेव्हा रोज काजूच्या बागेत जात. एका संध्याकाळी हुडहुडी भरली, डोकं ठणकायला लागलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. रक्त घेतलं गेलं, नमुना परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत रवाना झाला. मी इथे बंगळूरला. काकीचा रोज फोन. "गो, रिपोर्ट कधी समजतला?" मी रोग ओळखणारी यंत्रं बनवते एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून ती मलाच विचारायची. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल आला तो आजाराच्या अकराव्या दिवशी. माकडतापच होता. काका तोवर सावरले होते. त्यांच्यासोबत बागेत जाणारी माणसं मात्र ते अकरा दिवस त्याच पाचोळ्यात, त्याच गोचिडांमध्ये, उघड्या पायांनी काजू वेचत होती.

गेली सोळा वर्षं मी बायोसेन्सरवर काम करते आहे. बायोसेन्सर म्हणजे काय ते काकीला मी असं सांगितलं होतं: एका पट्टीवर ठरावीक रोगाचा रेणू तेवढा धरून ठेवणारं काहीतरी बसवायचं, बहुतेक वेळा अँटिबॉडी. रेणू तिथे अडकला की विजेच्या प्रवाहात, प्रकाशात किंवा रंगात फरक पडतो. तो फरक मोजायचा. सांगायला चार वाक्यं पुरतात. करताना जे समजत गेलं ते खाली लिहिते आहे.

१. घड्याळ रोग्याच्या घरापासून लावायचं

आमच्या क्षेत्रात प्रत्येक पत्रकावर मोठ्या अक्षरात मिनिटं छापलेली असतात. १५ मिनिटांत निदान, ५ मिनिटांत निदान. ही मिनिटं रक्ताचा थेंब पट्टीवर पडल्यापासूनची. थेंब पडण्याआधी रोगी चार दिवस घरी कण्हत होता, पाचव्या दिवशी मजुरी बुडवून आला, डॉक्टर नव्हते म्हणून परत गेला, हे त्या मिनिटांत कुठेच नसतं.

बंगळूरच्या बेळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६० साली तिचं उद्घाटन झालं. या संस्थेच्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांना विचारलं: तुम्हाला त्रास जाणवला का, जाणवल्यावर काय केलंत? १९६३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर समज असा होता की खेड्यातली माणसं अडाणी, रोग अंगावर काढतात. दिसलं ते उलटंच. निम्म्याच्या आसपास रोगी आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठवलं होतं.

हा अभ्यास मी नोकरीच्या पाचव्या वर्षी वाचला. पहिल्याच दिवशी वाचायला मिळायला हवा होता. त्याआधी मी चाचणी बारा मिनिटांवरून नऊवर आणण्यासाठी आठ महिने खर्चले होते. त्या तीन मिनिटांनी कुणाचंही काही भलं झालं नसतं. रोगी दवाखान्याच्या बाकावर बसलेला असताना, तो उठून जायच्या आत उत्तर मिळतं का, एवढाच प्रश्न खरा आहे. ते नऊ मिनिटांत मिळालं काय आणि चाळीस मिनिटांत मिळालं काय, सारखंच. उद्या मिळणार असेल तर मात्र पुष्कळदा ते कधीच मिळत नाही, कारण रोगी उद्या येत नाही.

२. ग्लुकोमीटरकडे बघून रोगजंतूंचा अंदाज बांधायचा नाही

लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये एन्झाइम बसवलेला इलेक्ट्रोड मांडला. त्यातून साखर मोजायचं यंत्र आलं आणि आज ते घराघरांत आहे. गुंतवणूकदार, अधिकारी, नातेवाईक, सगळे विचारतात: साखरेचं जमलं, मग डेंग्यूचं का जमू नये? यात त्यांची काही चूक नाही. पण साखर रक्तात भरपूर असते, उपाशीपोटी डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम. संसर्गाच्या सुरुवातीला विषाणूचं प्रथिन रेणूंच्या संख्येत मोजलं तर साखरेच्या अब्जांश भागाइतकंही असू शकतं. शिवाय साखरेच्या पट्टीवरचं एन्झाइम एकेका रेणूला हाताळून मोकळं होतं आणि पुढचा घेतं, प्रवाह वाहता राहतो. अँटिबॉडी रेणूला धरते आणि तिथेच थांबते. संकेत एकदाच, तोही अगदी क्षीण. तो मोठा करण्यासाठी जे जे करावं लागतं त्यात आमची वर्षं जातात.

म्हणूनच भारतीय विज्ञान संस्थेतून निघालेल्या पाथशोध या कंपनीचा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. प्रा. नवकांत भट आणि सहकाऱ्यांनी आधी मधुमेहाच्या तपासण्या हातात मावणाऱ्या यंत्रावर आणल्या, पट्ट्या कशा छापायच्या आणि टिकवायच्या ते पक्कं केलं, आणि मग त्याच पायावर २०२१ मध्ये कोविडच्या अँटिबॉडी मोजणारी विद्युत-रासायनिक चाचणी उभी केली. फरिदाबादच्या संस्थेत तिची पडताळणी झाली, केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. अँटिबॉडी रक्तात मुबलक असतात, त्यामुळे मोजायला सोप्या. पण त्या सांगतात की शरीराने या रोगाशी झुंज घेतली आहे. आज, या क्षणी अंगात विषाणू आहे का, हे त्यांच्यावरून ठरत नाही. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. त्यांची गल्लत मात्र होऊ द्यायची नाही.

३. बफरमधलं यश घरात ठेवावं

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तीन इलेक्ट्रोडची पट्टी, कार्बनच्या शाईने छापलेली, नखाएवढी. मधल्या काळ्या ठिपक्यावर अँटिबॉडी बसवलेली. स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या साध्या द्रावणात, विषाणूचं प्रथिन मिसळून थेंब टाकला की पडद्यावर डोंगरासारखं शिखर उमटायचं, प्रथिन वाढवलं की शिखर उंच. असे शंभरेक आलेख आम्ही काढले होते. मग पहिल्यांदा खऱ्या रोग्याचं सीरम आणलं. पिवळसर, किंचित चिकट. थेंब पट्टीवर पसरला, मी कळ दाबली आणि पडद्यावर शिखराच्या जागी एक आळसावलेली रेघ आली. पट्टी बदलली, तीच रेघ. दुसऱ्या रोग्याचं सीरम, पुन्हा तीच.

रक्तात एकट्या अल्ब्युमिनचंच प्रमाण लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं. पट्टीवर पडल्या पडल्या ते सगळीकडे चिकटून बसतं आणि आपला हवा तो रेणू दाराबाहेर राहतो. ज्यांचे सेन्सर ट्रान्झिस्टरवर चालतात त्यांची अडचण आणखी वेगळी. रक्तातल्या क्षारांमुळे विद्युतभाराचा प्रभाव एक नॅनोमीटरच्या आतच विरून जातो आणि अँटिबॉडीच मुळी दहा नॅनोमीटर उंच. रेणू तिच्या टोकाला अडकला तरी खाली पृष्ठभागाला त्याची चाहूल लागत नाही. यावर उपाय आहेत: नमुना पातळ करणं, धुणं, आखूड पकड वापरणं, पृष्ठभागावर न चिकटणारा थर देणं. प्रत्येक उपाय एक पायरी वाढवतो आणि प्रत्येक वाढलेली पायरी उद्या कुठल्या तरी नर्सच्या डोक्यावर बसते.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. नव्या मुलाने पहिल्या महिन्यातच खऱ्या सीरमवर पट्टी चालवायची. निराशा लवकर झालेली बरी.

४. तापाचा कितवा दिवस, हे आधी विचारायचं

डेंग्यूचं एनएस१ प्रथिन पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं. आयजीएम अँटिबॉडी पाचव्या दिवसाच्या सुमारास वर येतात. दुसऱ्या दिवशी आयजीएमची पट्टी लावली तर ती खरं बोलूनही चुकीचं सांगेल. माकडतापात पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात भरपूर असतो, म्हणून पीसीआरने तेव्हाच गाठायचा; नंतर अँटिबॉडी बघायच्या. हिवतापाच्या पट्टीवर जे प्रथिन पकडतात ते तर औषधाने जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. बरा झालेला माणूस पुन्हा पॉझिटिव्ह दिसतो, पुन्हा गोळ्या घेतो.

आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर 'तापाचा दिवस' असा रकाना सुरुवातीला नव्हताच. काकांच्या आजारपणानंतर मी तो घातला.

५. पंच्याण्णव टक्के म्हणजे किती, ते गावागणिक बदलतं

हे गणित मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याकडून कागदावर सोडवून घेते. चाचणी ९५ टक्के रोगी बरोबर पकडते, ९५ टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. गावात हजार माणसं, त्यातली दहा आजारी. सरसकट सगळ्यांची चाचणी केली. दहातले नऊ-दहा सापडले. उरलेल्या ९९० निरोग्यांतले पाच टक्के, म्हणजे जवळजवळ पन्नास जण, फुकट पॉझिटिव्ह ठरले. साठांतले पन्नास खोटे. आता तीच पट्टी साथ भरात असताना फक्त तापाच्या रांगेत वापरा, जिथे हजारात तीनशे खरोखर आजारी आहेत. २८५ खरे, ३५ खोटे. पट्टी तीच, शाई तीच, आणि पहिल्या ठिकाणी तिच्यावर विश्वास टाकता येत नाही, दुसऱ्या ठिकाणी येतो.

म्हणून "तुमच्या चाचणीची अचूकता किती?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुणावर वापरणार?

६. वेर्णा आणि राजाजीनगर

या कामात माझा सगळ्यात मोठा गुरू एक यंत्र आहे. बंगळूरच्या राजाजीनगरमधल्या बिगटेक लॅब्समध्ये डॉ. चंद्रशेखर नायर यांच्या चमूने ते घडवलं आणि गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीने ते देशभर पोचवलं. ट्रूनॅट. एरवी एक अख्खी वातानुकूलित प्रयोगशाळा मागणारी पीसीआर त्यांनी नखाएवढ्या चिपवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत बसवली. क्षयाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. कोविडच्या पहिल्या लाटेत जिल्ह्याजिल्ह्यांत ती कामाला आली. निपाह आणि आमच्या माकडतापासाठीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मोलबायोसोबत ट्रूनॅटच्या चाचण्या तयार केल्या. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ज्या पुण्याच्या संस्थेने हा विषाणू पहिल्यांदा हुडकला, तिनेच साठ-पासष्ट वर्षांनी तो गावपातळीवर ओळखण्याची सोय करावी, याचा मला फार आनंद आहे.

आम्ही सेन्सरवाले काही वर्षं या यंत्राबद्दल नाक मुरडत होतो. हा खरा बायोसेन्सर नव्हे, ही तर पीसीआर, असं आम्ही परिषदांमध्ये म्हणायचो. एकदा मी ते जवळून बघितलं. एका तालुक्याच्या रुग्णालयात तंत्रज्ञ बाईंनी थुंकीचा नमुना द्रावणात विरघळवला, कार्ट्रिजमध्ये घातला आणि एका छोट्या पेटीत ठेवला. साधारण वीस मिनिटांत पेटीने त्यातून जंतूचं डीएनए वेगळं काढून दिलं. बाईंनी त्यातले सहा मायक्रोलिटर पिपेटने चिपवर सोडले. थेंब इतका लहान की तो पडला की नाही हे बघायला त्या वाकल्या. चिप दुसऱ्या पेटीत गेली आणि तासाभरात सगळं उरकलं. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दिसायला मिलीलिटरला पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कितीतरी कमी असले तरी इथे सापडतात. रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देईल का तेही, तासाभराची आणखी एक चिप लावून कळतं.

माझी नजर मात्र त्या पहिल्या पेटीवरून हटेना. नमुना साफ करणारी पेटी! आम्ही सगळे संकेत मोजणाऱ्या पट्टीच्या मागे लागलो होतो आणि नमुना कसा तयार करायचा हा प्रश्न "नंतर बघू" म्हणून मागे ठेवला होता. त्यांनी निम्मी अक्कल त्या प्रश्नावर खर्च केली होती. तिसऱ्या अनुभवात सांगितलेली ती आळसावलेली रेघ मला त्या दिवशी नीट समजली. परत येताना यशवंतपूरला उतरेपर्यंत मी वहीत पुढच्या दोन वर्षांचं काम नव्याने लिहून काढलं.

७. पट्टी कुठे ठेवतात ते जाऊन बघायचं

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आमच्या पट्ट्यांची उत्तरं दुपारनंतर बिघडायची. सकाळी सगळं ठीक. फोनवर कारण सापडेना, म्हणून मी दोन दिवस तिथे जाऊन बसले. पावसाळा होता. नर्सताई साडेआठला आल्या, रजिस्टर काढलं आणि ओळीने वीस पाकिटं फाडून पट्ट्या ट्रेमध्ये मांडून ठेवल्या. रांग वाढली की एकेक पाकीट फाडायला वेळ नसतो आणि रबरी हातमोज्यांनी ती फॉइल फाटतही नाही. दुपारपर्यंत पट्ट्यांनी हवेतली ओल पिऊन घेतलेली असायची. पाकिटातल्या सिलिका जेलच्या पुड्या कचऱ्याच्या डब्यात.

मी त्यांना चूक दाखवायला गेले होते. त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फाडा, मोजे घालून." मला तीनदा प्रयत्न करावा लागला. नंतर आम्ही पाकिटाला दोन्ही बाजूंनी खाच दिली आणि पट्टीवर ओल लागली की रंग बदलणारा ठिपका छापला. त्या ठिपक्याची कल्पना ताईंचीच.

पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फ चाचणीला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा लोकांनी घरी बसून, स्वतःच्या नाकात काडी फिरवून तपासणी केली. ते जमलं याचं श्रेय त्यातल्या रसायनाइतकंच खोक्यातल्या चित्रांच्या कागदाला आणि हाताळायला सोप्या नळीला आहे, असं मला वाटतं.

८. निगेटिव्ह आलेल्या माणसाचा तापही खराच असतो

डेंग्यूची पट्टी फक्त डेंग्यूबद्दल बोलते. कोकणात पावसाळ्यात चिखलात लावणी करणाऱ्याला लेप्टो असू शकतो, हिवताप असू शकतो, स्क्रब टायफस असू शकतो. "निगेटिव्ह, घरी जा" हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि लेप्टोत ते दोन दिवस फार महाग पडतात. एका थेंबात चार-पाच तापांचा छडा लावणारी पट्टी हे आता माझं काम आहे. अवघड आहे, कारण प्रत्येक रोगाचा रेणू वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्रमाणात येतो. तरी हेच करायला हवं. रोगी काही रोगाचं नाव घेऊन येत नाही. तो ताप घेऊन येतो.

९. उपचार नसले तरी निदानाला घाई हवी

माकडतापावर नेमकं औषध नाही. मग लवकर कळून काय मिळणार, असं एका मोठ्या बैठकीत मला विचारलं गेलं. मिळतं ते असं: रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळता येतात, रोग्यावर नीट लक्ष ठेवता येतं, आणि त्याच्या वाडीला त्याच दिवशी सांगता येतं की बागेत जाताना अंगाला औषध चोळा, पाय झाका, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नका, आरोग्य खात्याला कळवा. एका माणसाचं निदान हा अख्ख्या वाडीसाठी निरोप असतो. काकांच्या वेळी तो अकरा दिवस वाटेत अडकून पडला होता.

१०. बसची वेळ लिहून घ्यायची

तुमकूरच्या बाजूला आमची पट्टी तपासायला आम्ही जातो तेव्हा नमुना घेण्याआधी मी एक प्रश्न विचारते: तुमची परतीची बस किती वाजता? तो फॉर्मवर दुसरा रकाना आहे, 'तापाचा दिवस'च्या शेजारी. गेल्या खेपेला एक बाई आली होती, मांडीवर तापलेलं पोर, हातात पिशवी. बोटाला सुई टोचायच्या आधी तिने विचारलं, "एष्टु होत्तागुत्ते?" किती वेळ लागेल? प्रश्न कानडीत होता, पण मला आवाज काकीचा ऐकू आला.

तिची बस एक वाजून दहा मिनिटांनी होती. भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, चाळीस मिनिटं, आणि पोराचं बोट पुसायला घेतलं.